ॲम्फिथिएटरला मराठीत काय म्हणावं?

विचारणा : रोमवरच्या एका लेखाचं मुद्रितशोधन करतोय. लेखकाने कलोसियम या तिथल्या प्राचीन ॲम्फिथिएटरला आधी 'रंगभूमी', मग 'क्रीडांगण' आणि पुढच्याच पानावर 'प्रेक्षागृह' केलंय. तिन्ही खटकतात. एकच ठेवायचा तर कुठला?

प्रतिसाद : एकच ठेवू नका, कारण वस्तू दोन आहेत. इमारत ती ॲम्फिथिएटर आणि मधली झुंजीची जागा ती अरेना. लॅटिन 'हारेना' म्हणजे वाळू. रक्त शोषून घ्यायला ती अंथरत, आणि जागेला नाव पडलं वाळूचंच. आपण 'मातीतली कुस्ती' म्हणतो, तसंच हे. अरेनाला बेधडक 'आखाडा' लिहा.

इमारतीचं अवघड आहे. ॲम्फी म्हणजे दोन्हीकडे (उभयचरातला 'उभय'), थिएटर म्हणजे पाहायची जागा. अर्थाने 'प्रेक्षागृह' जवळचं, पण ते वाचलं की छप्पर, पडदा आणि तिसरी घंटा आठवते. मी ॲम्फिथिएटरच ठेवेन. जाता जाता, कॉलेजांमधल्या अर्धगोल पायऱ्यांना हल्ली ॲम्फिथिएटर म्हणतात ते काटेकोरपणे चूक. अर्धगोल ते थिएटर; पूर्ण वेढा असेल तरच 'ॲम्फी'.

प्रतिसाद : कोल्हापूरकर असल्याने राहवत नाही. शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप दौऱ्यात कलोसियम पाहिलं, आणि त्यावरून खासबागेचं कुस्ती मैदान बांधून घेतलं. 1912 साली ते पुरं झालं. मधे हौदा (कुस्तीची मातीची जागा), भोवती चढत गेलेली बैठक, कुठेही बसा, पटाचा डाव दिसतो. आम्ही त्याला नुसतं 'मैदान' म्हणतो. 'मैदान भरलं' म्हणजे कुस्त्याही आल्या आणि माणसंही.

विचारणा : 'मैदान' आवडलं, पण कलोसियमला लावलं तर लोक क्रिकेट समजतील. आणखी एक : रोमन कवी जुवेनालचं 'ब्रेड अँड सर्कसेस' (म्हणजे लोकांना खूश ठेवायला अन्न आणि करमणूक) लेखकाने 'भाकरी आणि सर्कस' असं केलंय.

प्रतिसाद : तिथे वाचकाला झुले आणि विदूषक दिसणार! सर्कस म्हणजे मुळात वर्तुळ, आणि जुवेनालच्या डोळ्यासमोर आहेत रथांच्या शर्यती. त्या कलोसियममध्ये नव्हे, सर्कस मॅक्सिमसमध्ये होत. शब्दशः जुळतं ते आपलं 'रिंगण', त्यात वारीतल्या रिंगणात घोडाही धावतो. पण ती भक्ती इथे ओढून आणू नये. 'भाकरी आणि शर्यती' करा.

'व्होमिटोरियम' आलंय का लेखात? आलं असेल तर 'वांतिगृह' झालेलं नाही ना, बघा. ती प्रेक्षकांना भसाभस बाहेर ओतणारी वाट. रोमनांची उलटी करायची खोली ही नंतरची दंतकथा.

विचारणा : 'वांतिगृह'च आहे! आणि अरेनात झुंजणाऱ्या ग्लॅडिएटरला 'खड्गवीर'.

प्रतिसाद : ग्लॅडियस म्हणजे तलवार, तेव्हा व्युत्पत्तीने बरोबर. पण त्यांच्यातला रेटिआरियस जाळं आणि त्रिशूळ घेऊन उतरायचा, कमरेला फार तर खंजीर. त्याला खड्गवीर कसं म्हणणार? ग्लॅडिएटर राहू द्या.