आरशाच्या फ्रेमला लावलेले शिंपले निघून पडताहेत, वासपण येतोय, काय करू?

मंगळवारपेठेतली: दिवाळीच्या सुट्टीत फोंडा घाटातून मालवणला गेलेलो. आईनं ६२ व्या वर्षी पहिल्यांदा समुद्र बघितला आणि पदर भरून शिंपले गोळा केले. तिच्या लग्नातल्या आरशाची फ्रेम त्या शिंपल्यांनी सजवायची असं ठरवलं, लाकडावर आणि थोडे काचेच्या कडेवर फेविकॉलनं चिकटवले. लाकडावरचे काही राहिलेत, काचेवरचे दोन दिवसांत पटापट पडले. शिवाय खोलीत सुकटासारखा वास, आई म्हणते राहू दे आता, पण मला ते राहू द्यायचं नाही.

शिंपलेवाली: ताई आधी सगळे काढा. वास येतो तो आत वाळून बसलेल्या मांसाचा, शंखाच्या वेटोळ्यात तर हमखास असतं. पाच मिनिटं उकळा, टाचणीनं कोरून काढा, मग दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात ठेवा आणि रोज पाणी बदला. मीठ राहिलं तर आपल्याकडच्या पावसात ते ओल धरतं आणि शिंपला परत सुटतो. व्हिनेगरमध्ये मात्र टाकू नका हं, शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बुडबुडे येऊन विरघळायला लागतो, चमक जाते ती जातेच.

रंकाळ्याकाठचा: फेविकॉल वाळतो पाणी उडून, लाकूड ते पाणी पिऊन घेतं पण काच आणि शिंपल्यामधनं ते जाणार कुठं, म्हणून आत पांढरा ओलाच राहतो. काचेला एरल्डाइट घ्या, दोन ट्यूब कालवून लावायचा गोंद असतो तो, दोन्ही ट्यूब सारख्या मापानं, एका वेळी चार-पाच शिंपल्यांपुरतंच कालवा. आणि खरी गोम सांगू का, शिंपला पालथा ठेवला की नुसती कडच टेकते. पोकळीत एम-सील, म्हणजे मळून लावायची घट्ट होणारी पुट्टी, भरा, कडेच्या पातळीला सपाट करा, मग चिकटवा, पूर्ण पाठ धरते. आरसा रात्रभर आडवाच ठेवायचा, उभा केलात तर जड शंख घसरतात.

कोकणची सून: पुढच्या वेळी मोठा शंख उचलताना आत बघा, बऱ्याचदा खेकडा राहायला असतो. जिवंत असेल तर तिथंच ठेवा. शंखांच्या काही जातींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षण आहे, त्यामुळं दुकानातनं मोठे शंख घेऊ नका. घरी तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आणल्या की त्यांची टरफलं धुऊन ठेवते मी, फ्रेमच्या कडेला ओळीनं लावली की एकदम नीटस दिसतात.

मंगळवारपेठेतली: सगळ्यांना मनापासून थँक्यू. उकळल्यावर एका शंखातनं बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा निघाला, वास त्याचाच होता. एम-सील भरून अकरा लावलेत, आज चौथा दिवस, एकही हललेला नाही. वरच्या मधोमध जागा सोडलीय, तिथं कुठला लावायचा ते आई ठरवतेय, सकाळपासनं दोन हातात घेऊन बसलीय.