ग्लोबल हेल्थ आणि संसर्गजन्य रोग: कोल्हापुरात राहून ऑनलाइन मास्टर्स करावं का?

पंचगंगा_काठ

नमस्कार मंडळी. माझं एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालंय. शाहूपुरीतल्या एका खासगी लॅबमध्ये सिरॉलॉजी (रक्तातल्या प्रतिपिंडांच्या चाचण्या) बघते, ड्यूटी दहा ते सहा. एडिनबरो विद्यापीठाचं ग्लोबल हेल्थ अँड इन्फेक्शस डिसीजेसचं ऑनलाइन एम.एस्सी. आणि लंडन स्कूल ऑफ हायजीनचं दूरशिक्षणातलं इन्फेक्शस डिसीजेस, या दोन्हींचा विचार चाललाय. नोकरी सोडता येणार नाही. चार गोष्टी विचारायच्यात. भारतात ही पदवी धरतात का? आठवड्याला खरे किती तास लागतात? लॅबमधला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि डेंग्यूचा डेटा प्रबंधाला वापरता येईल का? आणि फी पाठवताना काय सांभाळायचं?

साथरोग_करवीर

ताई, पहिला प्रश्न आधी निकालात काढा, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

सरकारी भरतीसाठी ही पदवी हवी असेल तर घेऊ नका. परदेशी पदवीला समकक्षता देण्यासाठी यूजीसीने २०२५ मध्ये जी नियमावली आणली, तिच्यात प्रत्यक्ष हजर राहून नियमित पद्धतीने शिकलेलं असावं अशी अट आहे. ऑनलाइन आणि दूरशिक्षण त्यातून बाहेर. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी जाहिरातीत जिल्हा एपिडेमिऑलॉजिस्टचं, म्हणजे साथरोगतज्ज्ञाचं, पद निघतं, तिथे कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर समकक्षतेचं पत्र मागितलं की अर्ज अडकतो. मुलाखत कितीही चांगली होवो. एमबीबीएसवाल्यांनाही सांगतो, यावर मेडिकल कौन्सिलकडे जादा पात्रता म्हणून नोंद होईल ही आशा धरू नका. त्यासाठी कम्युनिटी मेडिसिनचं एम.डी. किंवा डीएनबी यांसारखी मान्य वैद्यकीय पदवी लागते.

इथल्याच एखाद्या विद्यापीठाचं ऑनलाइन मायक्रोबायोलॉजी करू म्हणाल, तर तेही दार बंद झालंय. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने आरोग्याशी संबंधित विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीतून काढले. त्यात मायक्रोबायोलॉजीचं नाव आहे.

मग उपयोग कुठे? संशोधन प्रकल्प, स्वयंसेवी संस्था, परदेशी निधीवर चालणारे कार्यक्रम, लस आणि निदान कंपन्या. तिथे समकक्षतेच्या पत्रापेक्षा तुम्ही काय करू शकता ते बघतात. तुम्हाला तिकडे जायचं असेल तर खुशाल करा, शिक्षण उत्तम आहे.

अंश_छेद

तासांचा हिशोब सरळ आहे. ब्रिटिश पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे १० तास. एम.एस्सी. १८० क्रेडिटची, म्हणजे १८०० तास. एडिनबरोत सर्टिफिकेटला ६०, डिप्लोमापर्यंत एकूण १२० आणि शेवटचे ६० प्रबंधाचे. तीन वर्षांत करायचं तर वर्षाला ६०० तास. वर्षात अभ्यासाचे चाळीस आठवडे धरा, आठवड्याला १५ तास पडतात. रोज दोन तास आणि रविवारी तीन. लंडनचा कोर्स दोन ते पाच वर्षांत पुरा करता येतो, त्यामुळे तिथे जरा सैल घेता येतं. गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यांत शून्य धरूनच वेळापत्रक आखा.

घड्याळ मात्र नक्की बघा. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. तिथलं दुपारी एकचं ट्युटोरिअल हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला येतं, म्हणजे तुम्हाला जमेल. तेच एप्रिलपासून साडेपाचला, तुमच्या ड्यूटीत. असाइनमेंटची मुदत दुपारी बारा असेल तर हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. एप्रिलच्या पहिल्या असाइनमेंटला याच एका तासापायी गुण जातात.

आता अभ्यासाविषयी. मायक्रोबायोलॉजीवाल्याला जंतू पाठ असतात, पण छेद, म्हणजे 'कितीपैकी' हा आकडा, सुटतो. समजा तुमच्या लॅबमध्ये २०० जणांची लेप्टो आयजीएम एलायझा (संसर्गानंतर रक्तात येणारी आयजीएम प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) झाली आणि ४० पॉझिटिव्ह आल्या. २० टक्के ही पॉझिटिव्हिटी झाली. शिरोळ तालुक्यात रोग किती आहे, हे त्यातून कळत नाही, कारण त्या दोनशेंच्या मागे लोकसंख्या किती ते माहीत नाही. शिवाय तापाच्या तिसऱ्या दिवशी रक्त घेतलं असेल तर आयजीएम अजून वर आलेलंच नसतं. आठवडाभरात ते दिसू लागतं, त्याआधी रक्ताची पीसीआर. खात्री करायची तर दहा-चौदा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन मॅट टेस्टमध्ये टायटर (प्रतिपिंडांची पातळी) चौपट वाढलंय का बघतात.

साथीचा आलेख काढायला शिकवतात तिथेही हेच. एका स्तंभात किती दिवस घ्यायचे? रोगाच्या अधिशयन काळाचा (संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) साधारण तिसरा ते चौथा हिस्सा. लेप्टोचा काळ बहुधा ५ ते १४ दिवस, म्हणून तीन दिवसांचा स्तंभ. हिपॅटायटिस ई चा (दूषित पाण्यातून होणारी कावीळ) २ ते १० आठवडे, सरासरी पाच-सहा, म्हणून दहा दिवसांचा. ऑगस्ट २०१९ चा पूर डोळ्यासमोर आणा. समजा ८ तारखेला नळाच्या पाण्यात घाण शिरली. पुराच्या पाण्यामुळे झालेल्या लेप्टोचे रुग्ण त्याच महिन्यात दिसतील, काविळीचा जोर मात्र सप्टेंबरच्या मध्याला. ऑगस्टअखेर कावीळ नाही म्हणून पाण्याचे नमुने घेणं थांबवलं तर चूक तिथेच झाली. इचलकरंजीने २०१२ ला काविळीची साथ भोगली आहे. आपल्या भागात हा आलेख नीट वाचणारी माणसं हवीत, म्हणून एवढं लिहिलं.

पंचगंगा_काठ

खूप आभार. सरकारी भरती डोक्यात नाही, संशोधनाकडेच जायचंय. प्रबंधाचं कुणी सांगेल का?

प्रबंध_मार्ग

लॅबचा डेटा वापरता येतो, पण नावं पुसली की काम झालं असं नाही. जुन्या नोंदी असल्या तरी इथल्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि ती कमिटी डिपार्टमेंट ऑफ हेल्थ रिसर्चकडे नोंदलेली हवी. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हाताशी ठेवा. ओळख पटणार नाही अशा नोंदींसाठी कमिटी संमतीपत्राची सूट देऊ शकते, ती अर्जातच मागा. खासगी लॅबला स्वतःची कमिटी क्वचित असते, मग एखाद्या कॉलेजच्या कमिटीकडे जावं लागतं आणि तिथला कुणी सहसंशोधक लागतो. त्यानंतर तिकडच्या विद्यापीठाची मंजुरी वेगळी. दोन्ही मिळेपर्यंत एकही नोंद एक्सेलमध्ये उतरवू नका. आधी डेटा, मग मंजुरी असं झालं की प्रबंध नापास होऊ शकतो. रक्ताचे नमुने देशाबाहेर पाठवायचा विचारही नको, तो मंजुरीचा निराळाच मोठा रस्ता आहे.

प्रबंधाला एकच वर्ष असतं. त्यामुळे मी उघड डेटा सुचवेन. आयडीएसपीच्या (केंद्राचा साथरोग सर्वेक्षण कार्यक्रम) संकेतस्थळावर साप्ताहिक उद्रेक अहवाल असतात: जिल्हा, रोग, रुग्ण, मृत्यू, उद्रेक सुरू झाल्याची तारीख आणि कळवल्याची तारीख. या दोन तारखांमधलं अंतर हाच एक सुंदर विषय आहे. महाराष्ट्रात काविळीचा उद्रेक कळायला किती दिवस लागतात आणि अतिसाराचा किती, याची तुलना करा. त्रास एवढाच की तक्ते पीडीएफमध्ये आहेत, बरेचसे हाताने उतरवावे लागतात. एकच उद्रेक पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो, तो दोनदा मोजला जातो. प्रत्येक उद्रेकाला स्वतःचा क्रमांक द्या आणि दहातली एक नोंद दुसऱ्या माणसाकडून पडताळून घ्या.

राजारामपुरी_७वी_गल्ली

फीबद्दल. बँकेत ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) भरताना काउंटरवर सवयीने एस ०३०५ हा परपज कोड, म्हणजे पैसे कशासाठी जाताहेत त्याचा क्रमांक, टाकतात. तो शिकायला परदेशी जाणाऱ्यांचा. मग व्हिसा दाखवा म्हणतात आणि दोन दिवस तिथेच जातात. घरी बसून शिकणाऱ्यांसाठी एस ११०७ आहे, तो स्वतःहून सांगा. सोबत इन्व्हॉइस आणि प्रवेशपत्र द्या. परदेशातल्या बँकेचे चार्जेस आपणच भरणार असं फॉर्मवर निवडा, नाहीतर मधली बँक काही पौंड कापते, विद्यापीठाकडे रक्कम कमी पोचते आणि खातं थकबाकीत दिसतं. संदेशाच्या रकान्यात विद्यार्थी क्रमांक हवाच. एका आर्थिक वर्षात पॅनवरून बाहेर पाठवलेली सगळी रक्कम दहा लाखांच्या आत असेल तर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) कापत नाहीत.

अर्जाआधी कॉमनवेल्थ डिस्टन्स लर्निंग शिष्यवृत्तीही बघा, तीत फी भागते. पात्र देश आणि कोर्स दरवर्षीच्या जाहिरातीत असतात. शिवाजी विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत दाखला) अर्ज आजच टाका.

पंचगंगा_काठ

ट्रान्सक्रिप्टला उद्याच जाते. आकडेवारी कच्ची आहे, तोवर काय वाचू?

अंश_छेद

एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयई या साथरोग संस्थेचा हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स हा कोर्स घ्या, शिकायला मोफत आहे. जोडीला आर हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर उतरवा आणि स्वतः बनवलेल्या पन्नास ओळींच्या काल्पनिक यादीवर तीन दिवसांच्या स्तंभांचा आलेख काढून बघा. तारखांचा साचा चुकला की स्तंभ भलतीकडे जातात. ०८/०९ म्हणजे आठ सप्टेंबर की नऊ ऑगस्ट, हे आर ला आधी सांगावं लागतं. आलेख जमला नाही तर कोड इथेच टाका, बघू.