गॅमा-डेल्टा टी पेशी: क्षयाच्या अभ्यासात आधी मोजाव्यात का?

(नागपुरातल्या तिघांमधला हा संवाद; बोलणाऱ्यांची नावं न देता त्यांचे भाग दिले आहेत.)

मेडिकल चौक: टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) म्हटलं की आपल्याकडे एमएचसी या पेशीवरच्या प्रथिनाच्या खाचेतला पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, शिकवतात आणि विषय तिथेच संपतो. रक्तातल्या टी पेशींपैकी साधारण १ ते ५ टक्के गॅमा-डेल्टा (ग्राहकाच्या साखळ्यांवरून पडलेलं नाव) असतात, आणि त्यातल्या बहुतेक व्हीगॅमा९-व्हीडेल्टा२ पेशींना एमएचसी लागतच नाही. क्षयाचा जंतू एचएमबीपीपी नावाचा इवलासा फॉस्फेटवाला रेणू बनवतो. तो बाधित पेशीच्या आत, बीटीएन३ए१ प्रथिनाच्या आतल्या टोकाला चिकटतो. मग बीटीएन२ए१ जोडीला येतं आणि पेशीबाहेर टी पेशीला खूण पटते. अँटिजेन आत, ओळख बाहेर! काही तासांत इंटरफेरॉन-गॅमा हे इशारा देणारं प्रथिन सुटतं. उलट क्षयाची ट्युबरक्युलिन ही त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह व्हायला लागण झाल्यापासून २ ते ८ आठवडे जातात. क्षयावर काम करणाऱ्या लॅबने या पेशी मोजल्याच पाहिजेत.

धंतोली: वेग मान्य आहे सर, पण नेमकेपणाचं काय? एचएमबीपीपी ई. कोलायही बनवतो, मलेरियाचा परजीवीही. गडचिरोलीहून तापाचा रुग्ण आला आणि या पेशी वाढलेल्या दिसल्या, तर काय समजायचं? आयजीआरए ही क्षयाची रक्तचाचणी ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या जंतूच्या प्रथिनांवर चालते. बीसीजीत ही दोन्ही नाहीत, म्हणून लसीमुळे ती फसत नाही. ते काम अल्फा-बीटा, म्हणजे नेहमीच्या टी पेशींचंच. एचआयव्हीत सीडी४ (मदतनीस अल्फा-बीटा पेशी) घटल्या की क्षय उफाळतो, तेव्हा तुमच्या या झटपट गॅमा-डेल्टा पेशी कुठे असतात?

मेडिकल चौक: एचआयव्हीत व्हीडेल्टा२ पेशीही लवकरच घटतात, त्यामुळे तो दाखला अर्धाच. निदानासाठी वापरा असं मी म्हटलेलं नाही. आणि उंदरात ही पेशी नाहीच, तिथल्या निकालावरून तिला बाद करू नका.

वर्धा रोड: आधी नमुना तर सांभाळा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ वर, म्हणून लोक रक्ताची नळी बर्फात ठेवतात. मग पेशी वेगळ्या करायच्या फायकोल द्रवावर ग्रॅन्युलोसाइट (नको असलेल्या दाणेदार पांढऱ्या पेशी) टी पेशींच्या थरात येतात आणि टक्केवारी बिघडते. आयजीआरएचं रक्तसुद्धा १७ ते २७ अंशांत ठेवून १६ तासांच्या आत ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये जायला हवं. दुसरी चूक झोलेड्रोनेटची; या पेशी जागवायला लॅबमध्ये हे औषध वापरतात. ते आत घेऊन आयपीपी (एचएमबीपीपीसारखाच, पण आपल्या पेशींचा रेणू) साठवणारे मोनोसाइट, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, हवेत. शुद्ध केलेल्या गॅमा-डेल्टा पेशींवर नुसतं झोलेड्रोनेट टाकून प्रतिसाद येत नाही, आणि दोष पेशींना दिला जातो. ब्रेफेल्डिन (पेशीतून प्रथिनं बाहेर पडणं रोखणारं रसायन) विसरलं तर सायटोकाइन, म्हणजे इंटरफेरॉनसारखं प्रथिन, बाहेर निघून जातं, आत रंगवायला काही उरत नाही.

धंतोली: हे पटलं. मग एक अट माझीही: टक्के नको, दर मायक्रोलिटरमागे पेशी किती ते लिहा. सीडी४ घटल्या की गॅमा-डेल्टाचे टक्के आपोआप चढतात, पेशी एकही न वाढता.