'हलकाफुलका': कौतुक की टोमणा?

ओसरी:

परवा रात्री घरात 'सिंगिंग इन द रेन' हा जुना अमेरिकी संगीतपट लावला होता. मी चौथ्यांदा, बाकीचे पहिल्यांदा. संपल्यावर मतं विचारली तर तिघांच्या तोंडून एकच शब्द आला, हलकाफुलका. नवऱ्याच्या बोलण्यात त्याचा अर्थ 'ठीक आहे, पण यात काय एवढं'. बारावीतल्या लेकीचा अर्थ 'डोक्याला ताप नाही'. सासूबाई मात्र मनापासून म्हणाल्या, "किती हलकाफुलका गं! नाहीतर हल्लीचे सिनेमे, उठताना खांद्यावर पोतं घेऊन उठावं लागतं."

तेव्हापासून हा शब्द डोक्यात घोळतोय. नुसतं 'हलका' म्हटलं की मराठीत बहुधा मान खाली जाते. हलक्या प्रतीचा, हलक्या मनाचा, हलक्या कानाचा. मग मागे 'फुलका' लागल्यावर त्याची एवढी पत कशी वाढते? आणि हा फुलका तव्यावरचाच का, की चहाबिहातल्या 'बिहा'सारखं नुसतं शेपूट?

पाटावरवंटा:

शेपूट नाही. 'बिहा' एकटा उभा राहू शकत नाही, फुलका राहतो. दोन्हीकडे मूळ फुलण्याचंच, तव्यावरही आणि इथेही. शिवाय रूपं बघा. चहाबिहाला म्हणताना प्रत्यय फक्त शेवटी लागतो. हलक्याफुलक्या गप्पा, हलकंफुलकं लिखाण, इथे दोन्ही शब्द बदलतात. साध्यासुध्या, धट्ट्याकट्ट्या ही त्याच चालीची.

हलक्याचं मूळ 'लघु'त आहे. प्राकृतात लहुअ आणि हलुअ अशी दोन्ही रूपं सापडतात, म्हणजे ल आणि ह यांनी जागा बदलल्या. आपलं 'हळू' त्याच घरातलं. त्यामुळे हलका मुळात वजनाने कमी, एवढंच. प्रतीचा आणि अब्रूचा अर्थ नंतर चिकटला. हलक्या हाताने तेल लावणं, मन हलकं होणं, यात आजही कमीपणा नाहीच की.

खाचर:

हळू बरोबर 'हळवा'ही घ्या. आमच्याकडे कोकणात भाताच्या जाती हळव्या, निमगरव्या आणि गरव्या. हळवं भात लवकर तयार होतं, गरवं उशिरा. लघुचा हळवा, गुरुचा गरवा. हळवं म्हणजे कमी दर्जाचं असं कुणी शेतकरी म्हणणार नाही. वरकस जमिनीत, जिथे पाणी फार दिवस थांबत नाही, तिथे हळवंच लावावं लागतं.

चित्रपट मी पाहिलेला नाही, माफी असावी.

तिकीटखिडकी:

ओसरीताई, लेकीला सांगा की डोक्याला ताप नाही हे खरं, कारण तो सगळा नायक जीन केलीच्या अंगात होता. छत्री मिटून भर पावसात नाचतो त्या गाण्याचं चित्रीकरण त्याने १०३ ताप असताना केलं. पाऊस उठून दिसावा म्हणून पाण्यात दूध घातलं होतं, अशी एक कथा फिरते. ती खोटी. ती करामत मागून सोडलेल्या प्रकाशाची. (आपल्याकडे दुधात पाणी घालतात, त्यामुळे उलटं ऐकलं की लगेच पटतं.)

नायिका कॅथी झालेली डेबी रेनॉल्ड्स तेव्हा १९ वर्षांची. जिम्नॅस्टिक्स येत होतं, नाच येत नव्हता. केली आणि नायकाचा मित्र झालेला डोनाल्ड ओकॉनर यांच्याबरोबर 'गुड मॉर्निंग' गाण्याचा नाच दिवसभर करून रात्री तिच्या पायांतून रक्त आलं. त्याआधी तालमीच्या दिवसांत एकदा ती पियानोखाली बसून रडत होती, तर नामवंत नर्तक-नट फ्रेड अस्टेअरने तिला आपली तालीम बघायला बोलावलं. त्यालाही घाम गाळावा लागतो हे तिला दिसावं म्हणून. आणि ओकॉनर? भिंतीवर धावत चढून कोलांट्या मारतो त्या गाण्यानंतर त्याने अंथरूण धरलं.

आता हे सगळं कळल्यावर मी त्याला हलकाफुलका म्हणू की नको? मला वाटतं, म्हणावंच. कारण यातलं काहीच पडद्यावर दिसत नाही. घाम दिसला असता तर तो कसरतपट झाला असता.

यजमानांना मात्र दोष देऊ नका. 'यात काय एवढं' हे ऑस्करवाल्यांचंही मत होतं. दोन नामांकनं, पुरस्कार शून्य. केलीच्याच 'ॲन अमेरिकन इन पॅरिस'ला आदल्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला होता, तो वजनदार वाटला असणार. पुढे २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या समीक्षकांनी जगातल्या सर्व चित्रपटांत याला दहावा क्रमांक दिला.

मिसळणाचा डबा:

माझी तक्रार अशी की हलकाफुलका हा हिंदीच्या वळणाने इतका वाढलाय की बाकीचे शब्द अडगळीत पडले. खेळकर आहे, चुरचुरीत आहे, खुसखुशीत आहे. हल्ली तर 'त्याला हलक्यात घेऊ नकोस' असंही ऐकू येतं. कमी लेखणं कुठे गेलं?

या चित्रपटाला मी खुसखुशीत म्हणेन. खुसखुशीतपणा मोहनावर ठरतो, आणि इथे मोहन बेटी कॉम्डेन आणि ॲडॉल्फ ग्रीन यांच्या पटकथेचं आहे. गोष्टीतला बोलपट चित्रित करताना मायक्रोफोन आधी झुडपात लपवतात, मग त्या बोलपटाच्या नटीच्या कपड्यांत, आणि संवादाऐवजी तिच्या छातीची धडधड ऐकू येते. तो प्रसंग कितीदाही बघा, दाताखाली मोडतोच.

आणि साहित्य काय, तर शिळी कढी! निर्माता आर्थर फ्रीड मुळात गीतकार. त्याची आणि नासिओ हर्ब ब्राऊनची जुनी गाणी पडून होती, नावाचं गाणं तर १९२९च्या एका चित्रपटातलं. त्यांच्याभोवती गोष्ट रचा, असं त्याने या दोघांना सांगितलं. त्यांनी गाणी ज्या काळातली, तोच काळ घेतला, मूकपट संपून बोलपट आले तो. शिळ्या कढीला ऊत ही म्हण आपण नेहमी नाक मुरडून वापरतो. १९५२ साली ती कढी चक्क ताजी लागली.

मूकपट:

सगळे गोड बोलताय म्हणून थोडं मीठ टाकतो. शेवटचा प्रसंग आठवा. लीना लॅमाँट ही मूकपटांची मोठी नटी, आवाज चिरका. ती प्रेक्षकांसमोर फक्त ओठ हलवतेय, मागे पडद्याआड कॅथी गातेय, आणि तिघे पुरुष दोर ओढून पडदा वर घेतात. सभागृह हसतं. पहिल्यांदा मीही हसलो. दुसऱ्यांदा बघताना वाटलं, हे हलकंफुलकं नाही, हे नुसतंच हलकं झालं. बाईने कारस्थान केलं हे मान्य, पण तिचा खरा गुन्हा आवाज. तंत्र बदललं आणि पोट जायची पाळी आली, तर कोण सरळ वागेल? आपल्याकडे 'आलम आरा' १९३१मध्ये आला तेव्हा मूकपटांच्या राणीला, सुलोचनाला, म्हणजे रूबी मायर्सना, हिंदुस्तानी शिकून परत यावं लागलं होतं.

पुढची गंमत तर चित्रपटाच्या बाहेर आहे. गोष्टीत लीनाच्या संवादांना कॅथी आपला सुसंस्कृत आवाज उसना देते. प्रत्यक्षात तिथे जो सुसंस्कृत आवाज ऐकू येतो, तो लीना झालेल्या जीन हेगनचाच! तिचा खरा आवाज छान होता, चिरका आवाज हा अभिनय. आणि 'वुड यू' हे गाणं कॅथी लीनासाठी गाते असं दाखवलंय, ते डेबी रेनॉल्ड्सने गायलेलंच नाही, बेटी नॉइज नावाच्या गायिकेने गायलंय. पडदा तिच्यासाठी कुणी वर ओढला नाही.

'उसना आवाज' आणि 'पार्श्वगायन' यांतला फरक इथे बघण्यासारखा. एकात लबाडीचा वास आहे, दुसऱ्यात प्रतिष्ठा. वस्तू तीच. १९३५पासून आपल्याकडे पार्श्वगायन रुळलं, म्हणून आपल्या प्रेक्षकाला लीनाच्या फसवणुकीत खटकण्यासारखं फारसं काही दिसत नाही. नाव न देणं तेवढं खटकतं. 'महल' या हिंदी चित्रपटातल्या 'आयेगा आनेवाला'च्या पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून लताबाईंचं नाव नव्हतं, 'कामिनी' हे पात्राचं नाव होतं.

पाटावरवंटा:

मूकपटराव, पटलं. त्यात माझ्या मूळ मुद्द्याचं उत्तरही आहे. हलकाफुलकामध्ये 'फुलका' हा पहारेकरी आहे. तो बाजूला झाला की 'हलका'चे वाईट अर्थ आत येतात. म्हणून 'हलका विनोद' म्हटलं की भुवई उंचावते आणि 'हलकाफुलका विनोद' म्हटलं की घरातल्या पोरांनाही बसवतो.

मिसळणाचा डबा, हिंदीचं वळण म्हणालात, असेल. पण खुसखुशीत संवादाला लागतो, माणसाच्या चालण्याला लागत नाही. केली त्या दिव्याच्या खांबाला लटकतो तेव्हा खुसखुशीत म्हणाल? तिथे हलकंफुलकंच हवं.

मिसळणाचा डबा:

खांबापुरतं मान्य. बाकी चित्रपट खुसखुशीत.

ओसरी:

सगळ्यांचे आभार, विशेषतः खाचर यांचे, चित्रपट न बघता. काल हे सगळं घरी वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, दहावा क्रमांक वगैरे ठीक, पण त्याचं मत तेच. त्याच्या 'हलकाफुलका'त फुलका कमीच आहे. लेक डेबी रेनॉल्ड्सच्या पायांबद्दल ऐकून जरा गप्प झाली आणि 'गुड मॉर्निंग' पुन्हा लावून बसली.

सासूबाईंना हळवं-गरवं लगेच कळलं, त्यांचं माहेर संगमेश्वरकडचं. त्या म्हणाल्या, मग तो शेवटाकडचा ब्रॉडवेचा नाच गरवा. तो तेरा मिनिटांचा तरी आहे, आणि तेवढ्यात त्यांची पावशेर गवार मोडून झाली होती.