मदत हवी आहे: आईला टार्लोव्ह सिस्ट, पुढे काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्याचे. आई ५६ वर्षांची, नेरुळला शाळेत शिकवते. वर्षभर तिला बसवत नाही. उभी राहिली, आडवी झाली की बरं. दहा मिनिटं बसली की माकडहाडाच्या वर आग होते आणि मांडीच्या मागून कळ उतरते. लोकलमध्ये जागा मिळाली तरी ती नेरुळपर्यंत उभीच असते. बघवत नाही.

एमआरआयमध्ये एस-२ पाशी (कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या हाडातला दुसरा मणका) अडीच सेंटिमीटरची टार्लोव्ह सिस्ट दिसली. म्हणजे नसेच्या मुळावर पाण्याची पिशवी, मेंदू-मणक्याभोवतीचंच पाणी तिच्यात साठतं. पहिले डॉक्टर म्हणाले, "अशा पुष्कळांना असतात, त्रास देत नाहीत." बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण आईची कळ नेमकी त्याच नसेच्या वाटेने जाते, याला योगायोग कसं म्हणू?

सध्या प्रीगाबालिन (नसेच्या दुखण्यावरचं औषध) चालू आहे. कळ थोडी कमी, पण वर्गात झापड येते. दुसऱ्या डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. सीटी स्कॅनमध्ये बघत सुईने पाणी काढून फायब्रिन ग्लू (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा डिंक) भरायचा; नुसतं पाणी काढलं तर पिशवी पुन्हा भरते. नाहीतर ऑपरेशन, त्यात पाणी गळण्याचा आणि नसेला इजा होण्याचा धोका. लघवीचा त्रास सुदैवाने नाही. तो सुरू झाला तर थांबू नका, असं बजावलंय.

ठाणे, नवी मुंबई किंवा मुंबईत कोणी यातून गेलंय का? दुखणं सिस्टचंच आहे हे आधी कसं पक्कं केलं? ग्लू किती टिकला? ऑपरेशननंतर नीट बसता यायला किती दिवस लागले? आणि हे वारंवार करणारे न्यूरोसर्जन माहीत असतील तर कृपया कळवा.