समरी म्हणजे सारांश, की तात्पर्य?

प्रश्न
आठ-नऊ वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते. 'समराइझ द स्टोरी' म्हटले की दोनच प्रकार हाती येतात. काही जण 'ॲण्ड देन, ॲण्ड देन' करत अख्खी गोष्ट पुन्हा सांगतात. बाकीचे 'वी शुड नॉट बी लेझी' एवढेच लिहून वही मिटतात. समरी म्हणजे सारांश असे मी सांगितले आहे, पण तो शब्दही त्यांना परकाच. याहून सोपा शब्द आहे का?

उत्तर
वही मिटणाऱ्यांनी तुमचे मराठी नीट ऐकले आहे म्हणायचे! मोठी माणसे 'सारांश काय, तर…' अशी सुरुवात करतात आणि पुढे बहुतेक वेळा तात्पर्यच सांगतात. मुलाने तेच केले. तेव्हा आधी हे दोन वेगळे करा. तात्पर्य म्हणजे मॉरल: गोष्टीतून घ्यायचे ते. समरी म्हणजे गोष्टीत घडले ते, पण कमी शब्दांत. 'आळस वाईट' हे तात्पर्य झाले. 'ससा वाटेत झोपला, म्हणून कासव जिंकले' ही समरी.

'गोषवारा' फारसीतून आलेला, हिशेबाच्या कागदांत वाढलेला शब्द, मुलांना नको. 'मथितार्थ' मला फार आवडतो, घुसळून वर आलेला अर्थ (मतितार्थ असे सर्रास लिहितात, त्यात घुसळणेच हरवते), पण तोही तात्पर्याकडेच झुकतो. मुलांना सरळ 'थोडक्यात सांग' म्हणा.

त्यातही एक खड्डा आहे. 'थोडक्यात'चे इंग्रजी करताना मुले 'शॉर्टली' लिहितात. शॉर्टली म्हणजे थोड्याच वेळात. त्यांना हवे असते 'इन शॉर्ट'. ही जोडी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून ठेवा.

आणखी एक मत
मी 'सम'पासून सुरुवात करते. गणितातली बेरीज मुलांना ठाऊक असते, आणि सम, समरी दोन्ही लॅटिन 'सुम्मा'वरूनच आले. सुम्माच्या मुळाशी 'सर्वांत वरचे' हा अर्थ आहे. रोमन लोक बेरजेचे उत्तर आकड्यांच्या वर लिहीत, असे कारण सांगतात. मुलांना हे ऐकायला मजा येते.

पहिले उत्तर देणारे
व्युत्पत्ती मान्य, पण वर्गात ती उलटू शकते. बेरीज म्हटले की मूल सगळे घेऊन एकत्र करणार. समरीत तर टाकायचे असते. आधीच 'ॲण्ड देन' आवरत नाही!

आणखी एक मत
टाकायचे असतेच, पण तेवढ्याने भागत नाही. सात आणि पाच मिळून बारा होतात तेव्हा बारात सातही दिसत नाही आणि पाचही. त्यांच्या जागी एक नवाच आकडा उभा राहतो. समरीचा अवघड भाग तोच. १९८३ साली ॲन ब्राउन आणि जीन डे यांनी समरी लिहिण्याच्या नियमांवर अभ्यास प्रसिद्ध केला. अनावश्यक मजकूर गाळणे पाचवीच्या मुलांनाही जमत होते. मजकुरात नसलेले मुख्य वाक्य स्वतः रचणे मात्र मोठ्या विद्यार्थ्यांनाही जड गेले. म्हणून नुसते गाळायला शिकवून थांबू नये. सिंह, हत्ती, माकड यांच्या जागी 'ॲनिमल्स' असा एकच शब्द ठेवायला लावावा. हा सराव तर अगदी लहानांनाही जमतो.

प्रश्नकर्ती
म्हणजे समरी हा शब्द आधी येऊच नये?

पहिले उत्तर देणारे
माझ्या मते शेवटी यावा. आधी 'टॉपिक', मग 'मेन आयडिया', मग 'डीटेल'. पहिल्या दोघांत गल्लत होतेच, कारण मराठीत दोन्हींना आपण 'विषय' म्हणून मोकळे होतो. ऑक्टोपसवरचा परिच्छेद घ्या. टॉपिक एका शब्दाचा: ऑक्टोपस. मेन आयडिया पूर्ण वाक्याची: ऑक्टोपस अनेक युक्त्यांनी स्वतःला वाचवतो. मग डीटेल्स: शाई सोडतो, रंग बदलतो, हाडे नसल्याने अरुंद फटीत शिरतो. याच परिच्छेदात त्याला तीन हृदये असतात असेही लिहा. मुले ते सोडणार नाहीत. आणि तेच हवे आहे, कारण त्यावरून 'इंटरेस्टिंग' आणि 'इम्पॉर्टंट' यांतला फरक दाखवता येतो. मराठीत 'महत्त्वाचे' म्हटले की मुलांना 'मला आवडलेले'ही त्यात बसते. म्हणून विचारायचे: हे वाक्य काढले तर मेन आयडिया डळमळते का? तीन हृदये काढा, काही बिघडत नाही. शाई, रंग, फट ही तिन्ही काढली तर युक्त्या कुठल्या, हेच कळणार नाही.

सगळी गोष्ट पुन्हा सांगणाऱ्यांनाही चूक म्हणू नका. त्याला 'रीटेल' हा वेगळा शब्द आहे, तो द्या आणि एकाच गोष्टीचे दोन्ही करून घ्या.

आणखी एक मत
व्याकरणाचे एवढेच: समरी नाम, समराइझ क्रियापद. 'आय समरी द स्टोरी' हमखास येते. आणि 'द स्टोरी इज ऑफ अ रॅबिट' हे आपल्या 'सशाची गोष्ट'वरून येते, तिथे 'अबाउट' हवे. स्पेलिंगमध्ये एस की झेड, यावर मात्र वेळ घालवू नका, दोन्ही चालतात.

प्रश्नकर्ती
उद्या ऑक्टोपसच घेते. तीन हृदये काढायची म्हटल्यावर वर्गात भांडण होणार, हे आत्ताच दिसते आहे.