ऊसतोड कामगारांचे हक्क: गाळपाआधी सरकारकडे नेमकं काय मागायचं?

गोदाकाठ (प्रश्न)

यंदा गाळप सुरू होण्याआधी आमची संघटना साखर आयुक्तालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देणार आहे. दरवर्षी पाणी, शौचालय, उचल (हंगामाआधी मजुराला दिलेली आगाऊ रक्कम), मारहाण, मुलांची शाळा असे वीस मुद्दे एकाच कागदावर येतात आणि तो कागद ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. कारखान्याचं उत्तर ठरलेलं: कामगार आमचे नाहीत, मुकादमाचे (टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराचे). संयुक्त राष्ट्रांची 2011 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की उद्योगांकडून हक्क तुडवले जाऊ नयेत, हे पाहणं सरकारचं कर्तव्य आहे. पण सरकारच्या हातात दोऱ्या कोणत्या आणि कुठली कुठं ओढायची? आमच्या टोळ्या सातारा-कोल्हापूरला जातात, काही बेळगावकडे.

कृष्णाकाठ

वीस मुद्द्यांचं एक निवेदन देऊ नका. ज्याच्या हातात निर्णय आहे, त्याच्याकडे त्याच्यापुरतीच मागणी न्या.

पहिली दोरी गाळप परवान्याची. साखर आयुक्तांच्या परवान्याशिवाय राज्यात कुठलाही कारखाना बॉयलर पेटवून गाळप करू शकत नाही. हंगामाचं धोरण मंत्री समितीच्या बैठकीत ठरतं, म्हणून निवेदन त्या बैठकीआधी पोचलं पाहिजे. परवाने निघाल्यावर गेलात तर हंगाम हातचा गेला. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यायचे आणि तेवढेच शासनाने घालायचे, असं ठरलेलं आहे. पैसे वसूल करायला परवान्याचा आधार घेता येतो, तर पाणी आणि शौचालयासाठी का नाही? मागणी मोजता येईल अशी लिहा. ‘सोयी द्याव्यात’ असं मोघम लिहू नका. किती कोप्यांमागे (मजुरांच्या झोपड्यांमागे) पाण्याची एक टाकी, किती बायकांमागे एक शौचालय, टँकर कोणत्या दिवशी, आणि तळावर, म्हणजे मजुरांच्या वस्तीवर, जाऊन तपासणारा अधिकारी कोण, हे त्यात हवं.

दुसरी दोरी पैशाची, आणि तिच्याकडे फार कमी संघटनांचं लक्ष जातं. सहकारी कारखान्यांना शासन भागभांडवल देतं, त्यांच्या कर्जांना थकहमी (कर्ज थकलं तर फेडायची हमी) देतं. तुम्ही म्हणता त्या तत्त्वांतलं चौथं तत्त्व नेमकं याबद्दल आहे: ज्या उद्योगाला सरकारचं आर्थिक पाठबळ आहे, तिथं सरकारने जास्तीची काळजी घ्यावी. सहावं तत्त्व सरकारच्या खरेदी-व्यवहारांचं. कारखान्यांचं इथेनॉल प्रामुख्याने सरकारी तेल कंपन्याच घेतात. म्हणून थकहमीच्या प्रस्तावाला कामगारांच्या नोंदणीचा आणि तळावरच्या सोयींचा अहवाल जोडावा, ही मागणी सहकार विभागाकडे स्वतंत्र पत्राने करा.

शेअर बाजारात नोंद असलेल्या मोठ्या कंपन्यांना सेबी या बाजार नियामकाच्या वार्षिक जबाबदारी अहवालात मानवी हक्कांची माहिती द्यावी लागते. त्यावर फार भिस्त ठेवू नका. त्यातला पुरवठा साखळीच्या तपासणीचा भाग ऐच्छिक आहे आणि सहकारी कारखाने त्या कक्षेतच येत नाहीत.

तालुकावकील

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त पुराव्याची तयारी हंगामाआधीच हवी, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी हिशेब पाहा. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला साधारण 366 रुपये झाला. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोने, एक लाख उचल घेतली तर ती फिटायला 273 टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन धरले तर 137 दिवस. त्यात खर्ची (हंगामात खर्चाला घेतलेले पैसे), आजारपण, खाडे काहीच धरलेलं नाही. अलीकडे बऱ्याच ठिकाणी हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांत आटोपतो. उरलेली बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि माणूस त्याच मुकादमाकडे अडकतो.

इथं वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा, 1976 लागतो. उचलीपायी काम सोडून जायची किंवा दुसरीकडे काम धरायची मुभा उरली नसेल, तर ती वेठबिगारी. कलम 15 प्रमाणे हे कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं आहे.

अर्ज द्यायचा तो जिथं डांबून ठेवलंय तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे), गावाकडच्या नव्हे. अडतं ते इथं: प्रांत कार्यालय ‘हा मजुरीचा वाद आहे’ म्हणून अर्ज कामगार कार्यालयाकडे ढकलतं, आणि मुक्तता प्रमाणपत्र राहूनच जातं. ते नसेल तर पुनर्वसनाची मदतही अडते. म्हणून अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा: उचल किती, तारीख कोणती, कोणाला कुठं जाऊ दिलं नाही, आणि कोणी काय धमकी दिली. मजुरीचा हिशेब त्यानंतर.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा त्यांत विलीन झाला, त्यामुळे जुन्या मसुद्यातली कलमं तशीच उतरवू नका. 1976 चा कायदा मात्र स्वतंत्रपणे लागू आहे. बेळगावला जाणारी टोळी आंतरराज्य स्थलांतरित ठरू शकते. साताऱ्याला जाणारी नाही, ती राज्यातच फिरते. दोन्ही टोळ्यांच्या याद्या वेगळ्या करा.

गावआरोग्य

बायकांचा मुद्दा ‘सोयी’च्या यादीत शेवटी टाकू नका. बीडमधल्या गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत 2019 मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीत विश्रांती नाही, धुवायला पाणी नाही, एक दिवस चुकला की खाडा, आणि त्याचा दंड उचलीच्या हिशेबात. त्यामुळे हंगामाआधी गावात आणि हंगामात तळावर आरोग्य तपासणी, अशी दोन वेळची मागणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करा.

लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी तीन. समितीच्या अध्यक्षांचा फोन नंबर तळावर मराठीत लावावा, हीही अट घाला.

रेशनचं गाव सोडण्याआधीच बघा. कार्डावरच्या सगळ्यांचं आधार जोडलेलं असेल तर तळाजवळच्या दुकानात आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचं गावात राहतं. कोयत्याने झिजलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, ही नेहमीची अडचण. घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी आधार आधीच जोडून घ्या.

गोदाकाठ

खूप आभार. एक अडचण उरते. मुकादमही आमच्याच गावचे आणि तेही कर्जात. गुन्हा त्यांच्यावर नोंदला तर कारखाना पुन्हा बाजूला राहतो.

तालुकावकील

म्हणूनच कागद कारखान्यापर्यंत न्यायचा. करार कारखाना आणि वाहतूकदाराचा, मग वाहतूकदार आणि मुकादमाचा. मजुराच्या हातात बहुतेक वेळा काहीच नसतं, उलट त्याच्याच सहीचा कोरा बाँड दुसऱ्याकडे असतो. पण काट्यावर गाडी चढली की वजनपावती निघते. तिच्यावर तारीख, वजन, गाडी आणि टोळीची नोंद असते. रोज तिचा मोबाइलवर फोटो काढायची सवय टोळीतल्या एका शिकलेल्या पोराला लावा. कोणाच्या कोयत्याने किती टन, ते त्याच दिवशी वहीत उतरवा. चिटबॉय (कारखान्याचा शेतावरचा माणूस) फडावर येतो, तोडीचा क्रम ठरवतो, त्याचं नाव आणि वेळही लिहा. काम कारखान्याच्या देखरेखीखाली चाललंय, हे दाखवायला त्या नोंदी कामी येतात. आयुक्तांकडे मागणी एकच ठेवा: उचल आणि मजुरी दोन्ही मजुराच्या बँक खात्यात, आणि पावतीवर कोयत्याचा नोंदणी क्रमांक. बायकोचं खातं वेगळं. कोयता दोघांचा असतो आणि हिशेब मात्र बहुतेकदा एकाच नावावर होतो.